‘वॉटर रेझिस्टंट’ फोन पाण्यात का बंद पडतो? नको ते परतवणाऱ्या इंग्रजी शब्दांची भानगड

पावसाळ्यातला नेहमीचा सीन. भुशी डॅमच्या पायऱ्यांवर बसून रील काढायचं म्हणून फोन थेट पाण्यात नेला जातो. दोन दिवसांनी स्पीकर खरखरतो, चौथ्या दिवशी स्क्रीन काळी. गडी सर्व्हिस सेंटरला जातो, खोका काउंटरवर आपटतो आणि त्यावरचे दोन शब्द बोटाने दाखवतो, ‘वॉटर रेझिस्टंट’. समोरचा माणूस शांतपणे सांगतो, “लिक्विड डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही.”

मग भांडण होतं. गंमत म्हणजे खोक्यावर लिहिलेलं खोटं नसतं आणि गड्याचा संतापही खोटा नसतो. घोळ होतो तो ‘रेझिस्ट’ या शब्दात.

डिक्शनरी उघडली की रेझिस्टसमोर असतं ‘प्रतिकार करणे, रोखणे’. रिपेलसमोर असतं ‘परतवणे, दूर सारणे’. वॉर्ड ऑफ म्हणजे टाळणे, फेंड ऑफ म्हणजे टाळणे, स्टेव्ह ऑफ म्हणजे पुन्हा टाळणेच. शाळेत हे पाठ करून पेपरात समानार्थी म्हणून लिहिलं की मार्क मिळतात, त्यामुळे सगळे शब्द एकाच माळेचे मणी वाटतात. प्रत्यक्षात ते तसे नाहीत. फरक पकडायला दोन प्रश्न पुरतात. नको असलेली गोष्ट आत्ता कुठे आहे? लांब, दारात की थेट अंगावर? आणि त्या क्रियापदानंतर तिचं काय होतं? ती पळते, वळते, लांबते की तिथेच राहते?

आधी फोनचंच घ्या. रेझिस्टच्या पोटात लॅटिनमधला ‘उभं राहणे’ हा अर्थ आहे. इन्सिस्ट, पर्सिस्ट, कन्सिस्ट हे सगळे त्याच घरातले. म्हणजे रेझिस्ट करणारा कुणाला हाकलत नाही, तो फक्त जागेवर घट्ट उभा राहतो. समोरून रेटा चालूच असतो, पाणी कुठेही गेलेलं नसतं. आणि उभा राहणारा कधी ना कधी दमतो, हेही त्या शब्दातच आलं.

फोनवर ‘आयपी ६७’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थही असाच मोजूनमापून आहे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्यासाठीचा ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं. तेही चाचणीच्या साध्या, स्थिर पाण्यात. समुद्राचं खारं पाणी, स्विमिंग पूलचं क्लोरीन, धबधब्याचा मारा यांचा त्यात हिशोब नाही. फोन दोनदा खाली पडला, आतलं सील सैल झालं की ती तीस मिनिटंही धरून चालता येत नाहीत.

हा फरक किती महागात पडतो ते ऑस्ट्रेलियात दिसलं. २०१६ ते २०१८ या काळात सॅमसंगच्या तिथल्या कंपनीने गॅलेक्सी फोन पूलमध्ये आणि समुद्रात वापरता येतात असं सुचवणाऱ्या जाहिराती केल्या. चार्जिंग पोर्ट ओला असताना फोन चार्जिंगला लावला तर तो गंजू शकतो, हे त्या जाहिरातींत नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२२ साली कंपनीला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर्सचा दंड झाला. शब्द ‘रेझिस्ट’चा आणि चित्र ‘काहीच होत नाही’चं, असा तो मामला होता.

या रेझिस्टंटचे दोन शेजारी आहेत. ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे पाणी आत शिरणारच नाही. यातला प्रूफ म्हणजे कसोटीला उतरलेलं, बुलेटप्रूफमध्ये आहे तोच. आणि ‘वॉटर रिपेलंट’ म्हणजे पाणी पृष्ठभागावर टिकतच नाही, थेंब होऊन घरंगळतं. हे समजायला कुठल्याही लॅबची गरज नाही, अळूचं पान बघा. ‘अळवावरचं पाणी’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला वॉटर रिपेलंट कधीचं माहीत आहे. ट्रेकिंगच्या जॅकेटवर रिपेलंट लिहिलं असेल तर रिमझिम पाऊस झटकला जाईल, पण जुलैमधल्या ताम्हिणीत त्याच्या भरवशावर जाऊ नका.

फोन बंद पडला तर काही हजारांचं नुकसान. रेझिस्टचा अर्थ दवाखान्यात चुकला तर भानगड मोठी आहे.

‘अँटिबायोटिक रेझिस्टन्स’ हा शब्द बातम्यांत सतत येतो. यात रेझिस्ट कोण करतं? बहुतेकांना वाटतं, आपलं शरीर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली १२ देशांतल्या सुमारे दहा हजार लोकांना याबद्दल विचारलं होतं, त्यात भारतही होता. त्यातल्या ७६ टक्के लोकांनी सांगितलं की शरीराला औषधाची सवय होते म्हणजे रेझिस्टन्स. हे उत्तर चूक आहे. औषधासमोर घट्ट उभा राहतो तो जंतू. तुमचं शरीर बिचारं रणभूमी आहे, लढणाऱ्यांपैकी ठाम उभा आहे तो शत्रू.

वाक्यातला कर्ता बदलला की माणसाचं वागणं बदलतं. ‘माझ्या शरीराला सवय झाली’ असं वाटणारा माणूस म्हणतो, मी तर वर्षात एखाद्याच वेळी गोळ्या घेतो, मला काय धोका? पण जंतू रेझिस्टंट असेल तर तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. ज्याने आयुष्यात कधी अँटिबायोटिक घेतलं नाही, त्यालाही तो गाठतो आणि औषध चालत नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणातच हा इशारा दिला होता. अपुरा डोस घेतला तर जंतू मरत नाहीत, उलट औषधाला पुरून उरायला शिकतात.

इथे मराठी बातमीदारांना मानलं पाहिजे. ‘ड्रग रेझिस्टंट टीबी’ला त्यांनी ‘औषधांना दाद न देणारा टीबी’ म्हटलं. किती नेमकं! दाद कोण देत नाही, ते पहिल्या झटक्यात कळतं. ‘प्रतिरोध’ या पुस्तकी शब्दात ते कळत नाही.

रेझिस्ट या शब्दावर सगळ्यात गंभीर वाद घातला तो महात्मा गांधींनी. दक्षिण आफ्रिकेत भारतीयांच्या लढ्याला ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ म्हटलं जायचं. गांधीजींना ते खटकलं. इंग्रजांच्या कानाला तो दुबळ्यांचा मार्ग वाटायचा, हातात शस्त्र नाही म्हणून पत्करलेला. शिवाय लढ्याचं नाव परक्या भाषेत. म्हणून त्यांनी ‘इंडियन ओपिनियन’ या आपल्या पत्रातून वाचकांना चांगला शब्द सुचवायला सांगितलं, त्यासाठी छोटं बक्षीसही ठेवलं. मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचवला आणि गांधीजींनी त्यात बदल करून ‘सत्याग्रह’ केला. म्हणजे आज जगभर माहीत असलेला हा शब्द एका इंग्रजी शब्दाचा अर्थ पुरत नव्हता म्हणून जन्माला आला.

रेझिस्टचा जुना इंग्रजी भाऊ म्हणजे ‘विथस्टँड’. विथ म्हणजे ‘सोबत’ हे सगळ्यांना माहीत असतं, मग सोबत उभं राहणं म्हणजे टिकाव धरणं कसं? तर जुन्या इंग्रजीत विथचा अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. ‘फाइट विथ’मध्ये तो अजून दिसतो. हसण्याआधी मराठीकडे बघा. ‘मित्राशी बोलला’ आणि ‘शत्रूशी लढला’, दोन्हीकडे तोच ‘शी’.

आता रिपेल. इथे मात्र उभं राहून भागत नाही, धक्का द्यावा लागतो. लॅटिनमध्ये ‘पेलेरे’ म्हणजे ढकलणे, हाकणे. बाहेर ढकललं की एक्स्पेल, पुढे ढकललं की प्रोपेल (म्हणून विमानाचा प्रोपेलर), मागे ढकललं की रिपेल. नाडीला पल्स म्हणतात तेही याच कुळातून, कारण तीही ढकलते, ठोके देते.

रिपेलमध्ये एक गोष्ट लक्षात ठेवायची. समोरचा मरत नाही, फक्त मागे जातो. ‘मॉस्किटो रिपेलंट’ हे याचं रोजच्या वापरातलं उदाहरण. हातापायाला लावायच्या बऱ्याच क्रीम आणि स्प्रेमध्ये ‘डीट’ नावाचं रसायन असतं. अमेरिकी सैन्याने १९४६ साली ते आपल्या जवानांसाठी आणलं आणि १९५७ पासून ते सामान्य लोकांना मिळू लागलं. ते डास मारत नाही, डासाला तुमच्या कातडीवर बसू देत नाही. त्यामुळे क्रीम लावून बसलेल्या माणसाच्या शेजारी बिनक्रीमचा माणूस बसला असेल तर डासांचा मोर्चा कुठे वळणार हे सांगायला नको. आणि हाताला लावलं, पायाला विसरलं तर पाय उघडाच. डेंगीच्या दिवसांत हा फरक कामाचा आहे. घरातली डासांची पैदास थांबवायची तर कुंड्यांखालच्या ताटल्या आणि गच्चीवरचे टायर रिकामे करावे लागतात, रिपेलंट ते काम करत नाही.

रिपेलचाच सख्खा भाऊ म्हणजे रिपल्स. मूळ तेच, पण रिपल्सची जागा मुख्यतः रणांगणावर. हल्ला आला आणि परत गेला की इंग्रज इतिहासकार ‘रिपल्स्ड’ लिहितात. त्यांना हा शब्द स्वतःच्या फौजेबद्दल लिहावा लागला असं एक ठिकाण म्हणजे भरतपूर. सुमारे दीड वर्षापूर्वी दिल्ली घेतलेला लॉर्ड लेक जानेवारी १८०५ मध्ये भरतपूरच्या किल्ल्यासमोर येऊन बसला. किल्ला जाट राजा रणजितसिंहाचा आणि त्याच्या आश्रयाला आलेले यशवंतराव होळकर. मातीच्या जाड तटांत तोफांचे गोळे रुतून बसायचे. जानेवारी आणि फेब्रुवारीत लेकने चार वेळा चढाई केली, चारही वेळा रिपल्स्ड. जखमी आणि मेलेले धरून इंग्रजांकडचे तीन हजारांवर लोक गेले.

पण शब्दाची मर्यादाही इथेच दिसते. रिपल्स म्हणजे ‘हा हल्ला’ परतला, युद्ध संपलं असं नाही. त्याच वर्षी रणजितसिंहाने इंग्रजांशी तह केला, होळकरांना पंजाबकडे निघावं लागलं आणि १८२६ च्या जानेवारीत इंग्रजांनी भरतपूर घेतलंच. बातमीत ‘अटॅक रिपल्स्ड’ वाचून विजयाचे स्टेटस टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

ब्रिटिश आरमारात तर ‘रिपल्स’ नावाची युद्धनौकाच होती. हल्ले परतवणारी म्हणून ठेवलेलं नाव. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी ती आणि ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या दोन्ही नौका बुडवल्या. डोक्यावर संरक्षणाला स्वतःचं एकही विमान नव्हतं.

आणि एक सावधगिरी. ‘रिपल्सिव्ह’ म्हणजे परतवणारा नाही, किळसवाणा. ज्याला बघून आपणच मागे सरकतो तो. एखाद्या शूर योद्ध्याच्या फोटोखाली चुकूनही रिपल्सिव्ह लिहू नका.

आता दारातली मंडळी. ‘वॉर्ड ऑफ’मधला वॉर्ड म्हणजे राखण, पहारा. हॉस्पिटलचा वॉर्ड, महानगरपालिकेचा वॉर्ड, होस्टेलचा वॉर्डन, सगळे या पहाऱ्यातून आलेले. गार्ड हाही हाच शब्द, फक्त फ्रेंचमधून फिरून आल्यामुळे डब्ल्यूचा जी झाला. त्याच न्यायाने वॉरंटी आणि गॅरंटी हेही मुळात एकच. सर्व्हिस सेंटरवाल्याला हे सांगून मात्र उपयोग नाही.

वॉर्ड ऑफमध्ये संकट अजून आलेलं नसतं, येऊ नये म्हणून आधीच बंदोबस्त असतो. म्हणून इंग्रजीत दृष्ट, भुतंखेतं, आजारपण यांच्यासोबत हा शब्द हमखास येतो. दुकानाच्या दारातलं लिंबू-मिरची काय करतं, याला वॉर्ड ऑफपेक्षा नेमका इंग्रजी शब्द नाही. कोकणात आणि गोव्यात गावाचा राखणदार असतो, त्याला वर्षाचा मान द्यावा लागतो. त्याचं कामही वॉर्ड ऑफचंच, वाईट गोष्टीला गावाच्या वेशीत पाऊल ठेवू द्यायचं नाही.

‘फेंड ऑफ’मध्ये मात्र गोष्ट अंगावर येऊन ठेपलेली असते. फेंड हा डिफेंडचा तुटलेला तुकडा. कुंपणाचा फेन्स, तलवारबाजीचं फेन्सिंग आणि फेंडर हे सगळे त्याच डिफेन्समधून निघालेले. गेटवेला लाँचच्या कडेला जुने टायर लटकवलेले दिसतात, ते फेंडरचं काम करतात. धक्क्याचा दणका बोटीला लागू न देणं एवढंच त्यांचं काम. क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री ऐकली असेल तर ‘फेंड्स इट ऑफ’ कानावर पडलं असेल. बाउन्सर गळ्याशी आलाय, शॉट मारायला वेळ नाही, बॅट्समन कसाबसा बॅट मध्ये घालतो. त्यात रुबाब नाही, जीव वाचवणं आहे. मंत्र्याने पत्रकारांचे प्रश्न ‘फेंड ऑफ’ केले असं वाचलं तर उत्तरं मिळाली असं समजू नका.

आणि ‘पॅरी’. यात वार थांबत नाही, त्याची दिशा बदलते. फुटबॉलमध्ये गोलकीपरने बॉल पॅरी केला म्हणजे पकडला नाही, ढकलून दिला. समोर फॉरवर्ड मोकळा असेल तर रिबाउंडवर गोल ठरलेला. हा शब्द ज्या घराण्यातला आहे त्यातले इतर शब्द तुम्ही रोज वापरता. पॅराशूटमधला शूट म्हणजे फ्रेंचमध्ये पडणं, पडण्यापासून वाचवतं ते पॅराशूट. उन्हापासून वाचवतं ते पॅरासोल. आणि बांधकामवाले गच्चीच्या कठड्याला ‘पॅरापेट’ म्हणतात, तो इटालियनमधून आला, छातीला आडोसा देणारा.

या सगळ्यांत बातम्या वाचताना सर्वात जास्त फसवणारा शब्द म्हणजे ‘स्टेव्ह ऑफ’. स्टाफ म्हणजे काठी, तिचं जुनं अनेकवचन स्टेव्हज, त्यातून स्टेव्ह निघाला. काठीने लांब ठेवणं हा मूळ अर्थ. चित्र डोळ्यांसमोर आणा. भुंकणारं कुत्रं आहे, हातात काठी आहे, काठीच्या लांबीइतकं अंतर राखलंय. कुत्रं गेलं नाही. हात दुखला की ते पुढे येणार. म्हणून भूक, दिवाळखोरी, पराभव, निवडणूक अशा येणारच असलेल्या गोष्टींसोबत स्टेव्ह ऑफ वापरतात. मराठीत ‘टाळलं’ म्हटलं की संपलं असं वाटतं. खरा अर्थ ‘तूर्त टळलं’ असा आहे.

भारताने हे १९९१ साली अनुभवलंय. परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं. परदेशी कर्जाचा हप्ता चुकला असता तर देशाची पत गेली असती. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ४६.९१ टन सोनं परदेशी पाठवून गहाण ठेवलं आणि त्यावर सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. देशाचं सोनं गहाण पडलं म्हणून लोक हळहळले, संसदेत गदारोळ झाला. इंग्रजीत या व्यवहाराचं वर्णन करताना ‘स्टेव्ह ऑफ डिफॉल्ट’ असं म्हणतात आणि ते अगदी बरोबर आहे. त्या ४० कोटींनी संकट मिटलं नव्हतं, काठीभर अंतर मिळालं होतं. त्या अंतरात रुपयाचं अवमूल्यन, नाणेनिधीचं कर्ज आणि लायसन्स राज मोडणारी धोरणं आली. कंपनीने ‘दिवाळखोरी स्टेव्ह ऑफ केली’ अशी बातमी वाचून शेअर घेणाऱ्याने त्या काठीची लांबी किती, हे आधी विचारावं.

‘डिटर’चं काम सगळ्यात लांबून चालतं. यात लॅटिनमधली भीती आहे, टेररमध्ये आहे तीच. समोरच्याच्या मनात आधीच धास्ती भरायची, म्हणजे तो निघतच नाही. मराठीत यासाठी अख्खी वस्तू आहे, बुजगावणं. पाखरू बुजतं म्हणून बुजगावणं. अणुबॉम्बला ‘डिटरंट’ म्हणतात ते याच अर्थाने, तो वापरावा लागला तर तो डिटरंट म्हणून फसला. शेतातल्या बुजगावण्याचा अनुभव मात्र वेगळा, चार दिवसांत कावळे त्याच्याच डोक्यावर बसतात. (डिटर्जंटचा यात काही संबंध नाही. त्याचं मूळ पुसून काढण्यात आहे.)

‘कीप अ‍ॅट बे’ वाचून अनेकांना बे ऑफ बेंगॉल आठवतो, काहींना तमालपत्र म्हणजे बे लीफ. दोन्ही चूक. हा बे म्हणजे शिकारी कुत्र्यांचं भुंकणं. पाठलाग करून दमलेलं जनावर शेवटी वळून कुत्र्यांसमोर उभं राहतं, तेव्हा ते ‘अ‍ॅट बे’ असतं. कुत्रीही पुढे यायला धजत नाहीत.

‘रिबफ’ माणसांपुरता. मैत्रीचा हात, तडजोडीचा प्रस्ताव, लग्नाची मागणी तोडून टाकली की रिबफ. मराठीत धुडकावणे, झिडकारणे. वाटाण्याच्या अक्षता लावणे हेही इथे चालेल, कारण त्याचा अर्थही साफ नकार देणे असाच आहे. रिबफमध्ये गोडी नाही. पुण्याच्या आयटी ऑफिसांमध्ये ‘क्लायंटने पुशबॅक दिला’ म्हणतात, तो रिबफ नव्हे. पुशबॅकमध्ये बोलणी चालू असतात, फक्त कुणीतरी पाय रोवलेला असतो.

शेवटी एक जोडी, जिने टायपिंगच्या घाईत अनेकांची फजिती केली आहे. रिपेल आणि रिपील. एका अक्षराचा फरक, पण कायदा रिपेल होत नाही, रिपील होतो. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तीन कृषी कायदे रिपील झाले, मराठी वर्तमानपत्रांनी ‘मागे घेतले’ असं लिहिलं आणि अर्थाने ते चपखल आहे, कारण रिपीलचा मूळ अर्थ परत बोलावणं. सह्याद्रीत कड्यावरून दोराने उतरतात त्या रॅपलिंगचं मूळही तेच फ्रेंच क्रियापद आहे. दोर दुहेरी करून वर अडकवायचा, खाली उतरायचं आणि मग एक टोक ओढून त्याला परत बोलवायचं.